आगोटीच्या आधी लाल गाडी: पेंट वाचवायच्या प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

आधी गाडीची अवस्था लिहून ठेवतो, नाहीतर नंतर घरचे म्हणणार की एवढी काय वाईट नव्हतीच. २०१५ ची लाल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेत. घर रत्नागिरीच्या जवळ, समुद्र सरळ रेषेत दीडेक किलोमीटर, नोकरी लांज्याला, म्हणजे रोज हातखंबा, पाली करत हायवेने जाणं येणं, एका बाजूचे चाळीसेक किलोमीटर. मुंबई गोवा हायवेचं चौपदरीकरण ज्यांनी रोज भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. डायव्हर्जन, सुटी खडी, ओलं डांबर, पुढे डंपर.

लाल रंग अण्णांच्या सांगण्यावरून घेतला होता. "जांभ्याची धूळ दिसायची नाही" हा त्यांचा मुद्दा. दिसत नाही हे खरंच आहे पण असते ना ती, आणि न दिसणाऱ्या धुळीवरून अण्णा गेली नऊ वर्षं रोज सकाळी जुन्या बनियनचा कोरडा फडका मारतात. त्याबद्दल पुढे लिहीनच.

आजची यादी अशी. टप फिका पडलाय, वरून बघितलं तर लाल कमी आणि विटकरी जास्त. बोनेटवर पक्ष्यांच्या शिटेचे दोन डाग आहेत जे धुवून जात नाहीत, बोट फिरवलं तर किंचित खड्डा लागतो. बोनेटच्या पुढच्या कडेला खडीचे टवके, मोजले तर १४. पुढच्या चाकांच्या मागे खालच्या पट्ट्याचा रंग सँडपेपर मारल्यासारखा झालाय. मागच्या उजव्या दाराच्या तळाला रंगाखाली फोड आलेत, हे सगळ्यात वाईट, कारण तिथे आतून गंज आहे. आणि सगळ्या गाडीवर एक काळसर चिकट थर, तो आमच्या हापूसच्या कलमाची कृपा.

हे कलमाचं बाहेरच्यांना पटत नाही म्हणून सांगतो. मोहोराच्या दिवसात तुडतुडे होतात, ते रस शोषतात आणि खाली गोड चिकटा टाकतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. पानं काळी होतात तशीच खालची गाडीही होते. नंतर आंबा उतरवताना देठ तुटला की चीक उडतो तो वेगळाच. तो चीक हातावर पडला तर कातडी भाजते, रंगाला काय करत असेल बघा. सावली म्हणून नऊ वर्षं गाडी तिथेच लावतोय.

गाड्या चकाचक करून देणाऱ्या एका डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावरच्या पातळ संरक्षक लेपाचे, २२ हजार सांगितले, अख्ख्या गाडीला जाड पारदर्शक फिल्म लावायची तर लाखाच्या वर. गाडी विकायला काढली तर अडीच तीन लाख येतील, तिच्यावर लाख कोण लावणार. बजेट ६ हजार, स्वतःच करायचं, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा तोंडावर येण्याच्या, आत संपवायचं. एकदा मिरग लागला की बाहेर काही करता येत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

ओळखीच्या पेंटरकाकांकडून जाडी मोजायचं मीटर एका संध्याकाळीपुरतं आणलं. हे पत्र्याला टेकवायचं, लोखंडापासून वरचा सगळा रंग किती मायक्रॉन ते दाखवतं. प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही.

टप ९४ ते १०२. बोनेट ९७ ते १०८. दारं १०५ च्या आसपास. डावं पुढचं मडगार्ड २४०! मग आठवलं, २०१९ ला रिक्षाने घासलं होतं, तेव्हा रंगवलंय.

आता ह्या शंभर मायक्रॉनमध्ये काय काय आहे ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. कारखान्यात बॉडी अख्खी टाकीत बुडवून करंटने गंजरोधक थर चढवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. क्लिअर कोट ह्यातला चाळीसेक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ऊन, मीठ, चीक, शीट, खडी, अण्णांची बनियन हे सगळं केसाच्या निम्म्याहून थोड्या जास्त जाडीच्या थरावर चाललंय. शिवाय उन्हातले अतिनील किरण अडवायचा माल ह्याच थरात असतो, पॉलिश करकरून तो पातळ केला की खालचा रंग उघडा पडतो. त्यामुळे "चकाचक होईपर्यंत घासा" हा पर्याय नाही. मीटर फक्त एकूण जाडी सांगतं, क्लिअर किती उरलाय ते नाही, म्हणून कमीत कमी घासायचं असं ठरवलं.

रात्री अंगणातला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरला. उजेडाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, हजारो. खडीने १४ टवके काढले आणि आम्ही हे. अण्णांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "हे कंपनीतूनच असणार."

२१ एप्रिल, रविवार

धुणं. हे एवढं लांबेल असं वाटलं नव्हतं, सकाळी सहाला सुरू केलं ते साडेअकरा.

आधी नुसत्या पाण्याने, प्रेशरने, खालून वर नाही तर वरून खाली, आणि चाकांच्या कमानीत आतून. जांभ्याची माती इतकी बारीक असते की ओली झाली की लाल लापशी होते आणि कमानीच्या आतल्या कडेवर बसून राहते, बोटाने खरवडली तर थर निघतो. मूठभर निघाली एकेका चाकामागे. हीच माती पाऊस संपल्यावर सुद्धा आत ओली राहते आणि खारा वारा आहेच, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो.

मग दोन बादल्या, एकात शॅम्पू, एकात साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल पुसायचा, साध्या पाण्यात खळबळवायचा, पिळायचा, मगच परत शॅम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाला नंतर जी वाळू दिसली ती आधी रंगावरून फिरत होती हे डोळ्यांनी दिसतं. अण्णांना बादली दाखवली. ते काही बोलले नाहीत पण वाकून बोटाने वाळू चोळून बघितली.

डाग:

डांबराचे ठिपके खालच्या पट्ट्यावर शेकड्याने होते. घरी रॉकेल लावायची पद्धत आहे पण आता रॉकेल मिळतंय कुठे, टार रिमूव्हर आणला, फवारून दोन मिनिटं थांबलं की ठिपका तपकिरी ओघळ होऊन उतरतो. न थांबता घासायचं नाही, डांबरात खडीची पूड असते.

फणसाचा चीक डिकीवर, गेल्या वर्षीचा, काळा रबरासारखा. ह्याला आईकडे औषध आहे, फणस कापताना हाताला आणि कोयतीला लावतो तेच खोबरेल. तेलाचा बोळा पाच मिनिटं ठेवला, मग बोटाने गुंडाळत काढला, अख्खा निघाला. आईने विचारलं, "ह्याचे किती घेतात तुझे ते डिटेलिंगवाले?"

चिकटा दोनदा शॅम्पू करून गेला. शिटेचे डाग गेले नाहीत आणि जाणारही नव्हते. त्यात युरिक ॲसिड असतं, आणि उन्हात पत्रा तापला की क्लिअर कोट मऊ पडतो, रात्री गार होऊन आखडतो, तेव्हा शीट वर चिकटलेली असेल तर तो थर तिच्याच आकाराचा होऊन बसतो. म्हणजे डाग वरचा नाही, आकारच बदललाय. पक्ष्याने केलं की त्याच दिवशी पाण्याने भिजवून उचलायचं, दुपारभर राहू द्यायचं नाही. मला हे २०१५ ला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

विहिरीचं पाणी वाळायच्या आत पुसायला टॉवेल लागतो. एप्रिल मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, थेंब उन्हात वाळला की पांढरी कडी राहते. काचेवरच्या जुन्या कड्या व्हिनेगर पाण्यात मिसळून काढल्या.

२२ एप्रिल, सोमवार

ऑफिसवरून येऊन क्ले. धुतलेल्या गाडीवर हाताला प्लास्टिकची पिशवी घालून हात फिरवला तर खरखर लागते, नुसत्या हाताला लागत नाही. ती रुतलेली घाण, ब्रेकची लोखंडी पूड वगैरे. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा, शॅम्पूच्या पाण्यावरून हलक्या हाताने सरकवायचा, घाण त्यात अडकते. पांढरा गोळा टपावर दोन फूट फिरवला तर तपकिरी.

आणि मग जे व्हायचं तेच झालं, अर्धी गाडी झाल्यावर गोळा हातातून निसटून अंगणात पडला. जांभ्याचं अंगण. उचलला तर लाडवाला खसखस लावावी तशी वाळू लागलेली. धुवून वापरू का असा विचार पाच सेकंद आला, मग फेकून दिला. सुदैवाने पाकिटातला अर्धाच काढला होता. ज्यांना करायचंय त्यांनी तुकडे करूनच वापरा.

२८ एप्रिल, रविवार

आजची नोंद दाराची.

मागच्या उजव्या दाराखाली फोड का आले हे बघायला गाडीखाली आडवा झालो. प्रत्येक दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेच्या रबरातून आत गेलेलं पावसाचं पाणी बाहेर पडायला. काच आणि दार ह्यांच्यामध्ये पाणी जातंच, ते अडवलेलंच नसतं, फक्त खालून जाऊ दिलेलं असतं. आमच्या दाराला तीन भोकं असायला हवी होती, मला एकच दिसलं. बाकी दोन काळ्या कोटिंगखाली. तीनेक वर्षांपूर्वी एका ठिकाणी खालून अँटी रस्ट मारून घेतलं होतं, मारणाऱ्याने आधी भोकांवर टेप लावली नाही की नंतर ती मोकळी केली नाहीत. नाव घेत नाही, माझीही चूक आहे, मी तिथे चहा पीत बसलो होतो.

हिराच्या झाडूतला एक जाड हीर घेतला, चाचपून मऊ जागा शोधली आणि खुपसला. आधी काही नाही. मग हीर फिरवून ओढला आणि पाणी आलं. एप्रिलच्या शेवटी, पाच महिने पावसाचा थेंब नाही, मागच्या पंधरा दिवसांत फक्त एकदा गाडी धुतली, आणि दारातून चहाच्या रंगाचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. अर्धा पेला तरी असेल. शेवटी चमचाभर लाल गाळ आणि गंजाचे पापुद्रे. वरून सिरॅमिक, वॅक्स, सोन्याचा वर्ख काहीही लावलं असतं तरी हे दार आतून सडतच होतं.

बाकीची तीन दारं आणि डिकी पण तपासली. डाव्या पुढच्या दाराचं एक भोक मातीने बंद, बाकी मोकळी. दारांचे आतले पॅनल काढून उन्हात दोन दिवस उघडी ठेवली, आई म्हणाली पापड वाळत घातल्यासारखी दिसतायत.

१ मे, बुधवार, सुट्टी

गंज आणि टवके.

दाराचे फोड चाकूने फोडले, खाली तपकिरी पूड. ८० नंबरच्या कागदाने चमकणारा पत्रा लागेपर्यंत घासलं, सुदैवाने आरपार भोक नाही. मग रस्ट कन्व्हर्टर, हे फॉस्फोरिक ॲसिडवालं असतं, उरलेला गंज काळा पडतो आणि तिथेच थांबतो. रात्रभर ठेवून मग प्रायमर.

टवक्यांचं काम म्हणजे दागिन्याचं काम. कलर कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, तो सांगून टचअपची बाटली मिळते, पण बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरलात तर टवक्याच्या जागी थेंब दिसणार, देवीच्या व्रणासारखा. मी टूथपिकने भरले. स्पिरिटने पुसायचं, टवका पत्र्यापर्यंत गेला असेल तर आधी प्रायमरचा ठिपका, मग रंग इतकाच की खड्ड्याच्या काठाखाली राहील, वाळू द्यायचा, परत, असं तीन वेळा, शेवटी क्लिअर. १४ टवके गुणिले पाच थर. जवळून दिसतात, चार फुटांवरून दिसत नाहीत, आणि मुख्य म्हणजे पाणी पत्र्याला लागत नाही, मला तेवढंच हवं होतं.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातला मत देऊन आलो आणि पॉलिशला बसलो. दुपारी बोटाकडे बघितलं तर शाई तशीच आणि बाकी सगळा हात कंपाउंडने, म्हणजे घासायच्या खरखरीत पेस्टने, पांढरा.

डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशर भाड्याने, दिवसाला ५००, दोन दिवसांसाठी. हे मशीन गोल फिरतं आणि त्याच वेळी डगमगतंही, म्हणून नवख्याच्या हातून रंग जळायची भीती कमी. नुसतं गोल फिरणारं रोटरी हातात घेऊ नका, कडेवर दोन सेकंद जास्त थांबलं की पांढरं दिसायला लागतं. कडा, रबरं, टचअप केलेली जागा सगळीकडे मास्किंग टेप. काम पडवीत, कारण मे महिन्यात उन्हातल्या पत्र्यावर कंपाउंड पसरायच्या आत वाळतं आणि मग ते पुसताना नवे ओरखडे येतात. पंखा लावून, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. घामाचा थेंब बोनेटवर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल, बायको म्हणाली लेझीमला चाललायस का.

आधी दोन फुटांचा चौकोन करून बघितला, मऊ पॅड आणि नुसतं पॉलिश. जाळं साठ टक्के गेलं. मध्यम पॅड आणि कंपाउंडने नव्वद. टप सोडून बाकी ठिकाणी साठवरच समाधान मानलं. टप मात्र खरंच बदलला, विटकरी जाऊन लाल आलं, मधे टेपची रेघ ठेवून अर्धा केला तेव्हा शेजारचे येऊन बघून गेले.

मग डाव्या मडगार्डवर आलो, चार फेऱ्या मारल्या आणि पॅड उलटं करून बघितलं तर लालभडक. पोटात गोळा. पॅडवर रंग आला म्हणजे क्लिअर कोट संपला. मशीन बंद, पेंटरकाकांना फोन. ते शांतपणे म्हणाले, "अरे, ते २०१९ चं काम ना, त्याच्यावर क्लिअर मारलाच नसेल, नुसता रंग आहे." म्हणजे २४० मायक्रॉन जाड असूनही संरक्षण कमीच. आता तो उन्हात इतर पॅनलपेक्षा आधी का फिकट होत होता ते कळलं. तिथे थांबलो, तो पॅनल पावसानंतर रंगवायचा.

८ मे, बुधवार

संध्याकाळी बोनेट. शिटेचे डाग हलके झाले, गेले नाहीत. अजून घासलं असतं तर गेले असते कदाचित पण खड्डा भरत नाही, आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीला उतरवावा लागतो. ठेवले.

पेंटरकाकांचं मीटर परत आणून बोनेट मोजलं, ९६ ते १०८. आधी ९७ ते १०८ होतं. एवढा फरक मीटरच्याच चुकीत येतो.

१२ मे, रविवार

लेप. इथे बाजारात इतकं खोटं बोललं जातं की थोडं लिहितोच.

२०१६ ला मी टेफ्लॉन कोटिंग करून घेतलं होतं, साडेतीन हजार. टेफ्लॉन ३२७ डिग्रीला वितळतं, तव्याला ते भट्टीत तापवून बसवतात. माझ्या गाडीला एका मुलाने सावलीत फडक्याने चोळलं होतं. दोन पावसात पाणी सपाट बसायला लागलं.

सिरॅमिकवाले ९एच सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हिऱ्याच्या खालोखाल. ती पेन्सिलची पट्टी आहे, एचबी, टूएच वाली, रंगाच्या पापुद्र्यावर पेन्सिल ओढून कुठली चरा पाडते ते बघतात. खडी पेन्सिल नाही. सिरॅमिकचा फायदा वेगळा आहे, घाण चिकटत नाही, पाणी घरंगळतं, चीक आणि शीट लगेच रंगापर्यंत पोचत नाही, आणि वॅक्सपेक्षा जास्त टिकतं. खडी फक्त जाड फिल्मने थांबते, दीडशे दोनशे मायक्रॉनचं पॉलियुरेथेन, म्हणजे अख्ख्या रंगाच्या दीडपट ते दुप्पट जाडी. ती मार खाते आणि रंग वाचतो.

म्हणून मी मधला मार्ग घेतला. सगळ्या गाडीला सिरॅमिकवाला स्प्रे, बाटली १३५०, वर्षातून दोनदा मारायला पुरेल. आणि फिल्म फक्त जिथे खरोखर मार बसतो तिथे: बोनेटच्या पुढची दहा इंचाची पट्टी, पुढच्या चाकांमागचा खालचा पट्टा, आणि दारांच्या मुठींच्या मागची वाटी जिथे बायकोच्या बांगड्या आणि माझी किल्ली नऊ वर्षं घासतायत. फिल्मचे तुकडे १२०० मध्ये मिळाले, एका दुकानात उरलेला माल.

लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून सगळं पुसलं, पॉलिशचं तेल राहिलं तर काहीच धरत नाही. फिल्म साबणाच्या पाण्यावर तरंगवायची आणि मधून बाहेर पाणी काढायचं. मुठींच्या वाट्या झकास बसल्या. बोनेटवर डाव्या कोपऱ्यात एक दुमड राहिली, ती आता माझी सही समजायची. स्प्रे एकेका पॅनलला, लगेच दुसऱ्या टॉवेलने पुसून. टपावर एक पट्टा पुसायचा राहिला, दुसऱ्या दिवशी तिथे इंद्रधनुष्यासारखा डाग, परत पॉलिश करून काढावा लागला.

१९ मे, रविवार

आतला लेप. दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या पोकळीत लांब नळीने मेणासारखं गंजरोधक फवारलं, ते पातळ असतं आणि सांध्यात शिरतं. फवारून झाल्यावर प्रत्येक भोकात हीर घालून मोकळं केलं. खालून परत जाड काळं कोटिंग मारलं नाही. गंजावर ते मारलं की वरून छान दिसतं आणि आत ओल कोंडते. चारही चाकांना मोठे मडफ्लॅप, ५००. इतक्या स्वस्तात खालचा पट्टा वाचत होता आणि आम्ही नऊ वर्षं लावले नव्हते.

गाडीची जागा बदलली. कलमाखालून काढून पडवीच्या बाजूला, पण पागोळ्या पडतात त्याच्या दोन फूट अलीकडे.

९ जून, रविवार

मिरगाचा पाऊस लागला. बोनेटवर पाण्याचे मणी, गाडी चालू केली की वर सरकत काचेवर येतात. सगळ्यांना दाखवून झालं. आईने एकदा बघितलं, "अळवाच्या पानावर असंच असतं," म्हणाली आणि आत गेली. बरोबर आहे तिचं.

मेव्हण्याने कव्हर पाठवलं, ते मांगरात ठेवलं. आमच्याकडे पावसात कव्हर म्हणजे गाडीला ओल्या गोधडीत गुंडाळणं, वर वाऱ्याने ते हलत राहतं आणि खालची माती रंगावर घासते.

१४ जुलै, रविवार

महिनाभर गाडी कोरडी झालेली नाही. काचेच्या रबरांत हिरवं शेवाळ, जुन्या टूथब्रशने काढलं. अण्णांची सकाळची सवय पावसाने आपोआप बंद आहे.

पालीच्या अलीकडे डंपरच्या मागून खडी आली, ठण्ण आवाज, घरी येऊन बघितलं तर फिल्मवर अर्धचंद्र उमटलाय आणि खाली रंग शाबूत. पण फिल्मच्या वर, जिथे पट्टी संपते तिथून दोन इंचावर दोन नवे टवके. पट्टी पंधरा इंचाची हवी होती.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती आले. चाकरमानी आले. मुंबईच्या चुलतभावाने सकाळी मला न उठवता गाडी धुतली, प्रेमाने, भांडी घासायचा लिक्विड घेऊन, आणि बंपरला काथ्या. काय बोलणार, पाहुणा माणूस, वर मोदकाचं ताट हातात.

बंपरवर काथ्याच्या रेषा आहेत. बाकी गाडीवर पाण्याचे मणी गायब, पाणी चादरीसारखं सपाट. लेप गेला म्हणून जीव हळहळला, पण संध्याकाळी साध्या शॅम्पूने धुवून भरपूर पाणी मारलं तर मणी परत आले. म्हणजे साबणाचा थर वर बसला होता. बंपर दिवाळीनंतर बघू.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

झेंडूचा हार दरवर्षी तारेने ओवलेला यायचा आणि बोनेटवर डोलत जायचा. ह्या वर्षी दोऱ्यात ओवला आणि ग्रिलला बांधला. कुंकवाचं स्वस्तिक अण्णा काढणार, पाण्यात कालवलेलं कुंकू लाल रंगावर तसंही दिसत नाही, पण वाळून राहिलं तर डाग धरतो. मी काही बोललो नाही. अण्णा वाटी घेऊन आले, बोनेटजवळ थांबले, आणि काचेवर काढलं.

"इथे नीट दिसतं," म्हणाले.

२० ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरचं ऊन, पाऊस गेला, हायवेवर परत धूळ. एकूण खर्च ९३०० झालाय, बजेट ६ हजार होतं. डावं मडगार्ड रंगवायला दिवाळीनंतरची तारीख मिळालीय, ह्या वेळी क्लिअर मारताना समोर उभा राहणार. स्प्रेचा दुसरा हात मारायचाय. नवे टवके पाच, टचअपची बाटली अर्धी शिल्लक आहे.

आज सकाळी सहाला आवाज आला म्हणून बाहेर बघितलं. अण्णा मगने गाडीवर पाणी ओतत होते, टपापासून खाली, आणि खांद्यावर माझा निळा मायक्रोफायबर. बनियन दोरीवर वाळत होती, ती सायकलला वापरतात म्हणे.

मी गाडीखाली आडवा झालो आणि मागच्या उजव्या दाराच्या तिन्ही भोकांत हीर घातला. तिन्ही वेळा सरळ आत गेला आणि कोरडा बाहेर आला.